हॉटप्लगच्या जुन्या स्क्रिप्टकडून यूडेव्हच्या नियमांकडे: धंतोलीतल्या एका लॅबचा अनुभव

नागपूरच्या धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. तिथली तपासणी यंत्रं ज्या लिनक्स मशीनला जोडलेली होती, ते मशीन २०२५ च्या जानेवारी ते मार्च या काळात बदललं. यंत्र जोडलं किंवा काढलं की चालणाऱ्या जुन्या हॉटप्लग स्क्रिप्ट त्यासोबत बंद केल्या आणि त्यांच्या जागी यूडेव्हचे (जोडलेलं उपकरण ओळखून पुढे काय करायचं ते ठरवणाऱ्या लिनक्समधल्या प्रोग्रामचे) नियम लिहिले. सुरुवातीला वाचायला जे मिळालं ते बहुतेक ‘ही ओळ चिकटवा, झालं’ अशा थाटाचं होतं. प्रत्यक्षात नियम लिहिणं हा सगळ्यात छोटा भाग निघाला. जुनी स्क्रिप्ट गुपचूप काय काय करत होती, हे शोधण्यातच खरा वेळ गेला. म्हणून इथे तोच भाग जरा सैल हाताने लिहितोय.

लॅबमध्ये तीन यंत्रं आहेत: सीबीसीसाठी सेल काउंटर, बायोकेमिस्ट्रीचा अ‍ॅनालायझर आणि सोडियम-पोटॅशियमचं इलेक्ट्रोलाइट यंत्र. तिन्हींच्या मागे नऊ पिनांचं सीरियल पोर्ट, तिथून यूएसबी कन्व्हर्टर, तिथून कॉम्प्युटर. यंत्राने रिझल्ट पाठवला की रीडर नावाचा छोटा प्रोग्राम तो वाचतो आणि रिपोर्टच्या सॉफ्टवेअरकडे देतो. जुन्या मशीनवर डेबियन ६ हे लिनक्स होतं, २०११ सालचं, कर्नल (लिनक्सचा गाभा) २.६.३२. त्याला इंटरनेट नव्हतं, त्यामुळे कुणी हात लावला नव्हता. स्क्रिप्ट तर त्याहून म्हातारी. तिच्या डोक्यावर २००६ ची तारीख होती, म्हणजे आधीच्या माणसाने आणखी जुन्या मशीनवरून ती उचलून आणलेली.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात हार्ड डिस्क कटकट वाजू लागली. त्यातच एका सकाळी वीज गेली-आली आणि टेक्निशियन भाऊंचा फोन आला, “मशीन तं चालून राहिली भाऊ, पण कॉम्प्युटरवर काहीच येऊन नाही राहिलं.”

जाऊन पाहिलं तर कारण साधं होतं. सेल काउंटर आणि बायोकेमिस्ट्री, दोन्हींना एफटीडीआय चिपचे सारखेच कन्व्हर्टर. स्क्रिप्टला दोघांतला फरक कळत नव्हता. जो आधी जागा होईल तो सेल काउंटर, नंतरचा तो बायोकेमिस्ट्री. इतकी वर्षं क्रम जमत आला, त्या दिवशी उलटा झाला. दोन्ही यंत्रांची बोलण्याची पद्धत वेगळी असल्याने चुकीचा रिझल्ट रिपोर्टात जात नाही, रीडर तो फेकून देतो. पण मग टेक्निशियन यंत्राच्या पडद्यावर पाहून आकडे हाताने टाइप करतात, आणि १३.५ चा १५.३ व्हायला क्षण लागत नाही.

आता थोडं मागचं. पूर्वी एखादं उपकरण जोडलं की कर्नल एक ठरलेला प्रोग्राम चालवायचं. त्या प्रोग्रामचा पत्ता प्रॉक फोल्डरमधल्या हॉटप्लग नावाच्या फाइलमध्ये असे. म्हणजे दारावरची बेल वाजली की दर वेळी नवा माणूस नेमायचा, त्याला उपकरणाची माहिती लिहिलेल्या चार चिठ्ठ्या द्यायच्या आणि पाठवायचं. दोन बेल एकदम वाजल्या तर कोण आधी पोहोचेल याची खात्री नाही. २००३ मध्ये यूडेव्ह आलं. हॉटप्लगवर काम केलेल्या ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनीच ते सुरू केलं. आता कर्नल नेटलिंकवरून (प्रोग्रामांशी बोलायच्या त्याच्या वाटेवरून) फक्त घोषणा करतं, कायम जागा असलेला यूडेव्ह ती ऐकतो आणि लिहून ठेवलेल्या नियमांशी ताडून पाहतो. २०१२ मध्ये यूडेव्ह सिस्टिमडीच्या (लिनक्समधल्या सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रामच्या) प्रकल्पात सामील झालं. २०१४ च्या सुमारास कर्नलमधली ती जुनी सोयच ऐच्छिक झाली.

आमच्या जुन्या मशीनवर यूडेव्हही होतं. पण बूट होताना अगदी शेवटी, आरसी-लोकल या सुरुवातीच्या स्क्रिप्टमधली एक ओळ त्या हॉटप्लग फाइलमध्ये स्क्रिप्टचा पत्ता लिहून टाकायची. दोघं शेजारी-शेजारी नांदत होते. नव्या मशीनवर डेबियन १२ टाकल्यावर ती ओळ चालवून पाहिली, तर लिहायला फाइलच जागेवर नव्हती. स्क्रिप्ट जशीच्या तशी उचलून नेण्याचा मार्ग तिथेच संपला. मला वाईट वाटलं नाही.

लॅबच्या मॅडमना वाटलं होतं की एका दुपारचं काम आहे. पण लॅबला एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या संस्थेची) मान्यता आहे, आणि त्यासाठीचं मानक आयएसओ १५१८९:२०२२. त्यातलं कलम ७.६ माहितीच्या व्यवस्थेबद्दल आहे: प्रणालीत बदल करायचा तर आधी मंजुरी, मग लेखी नोंद, मग पडताळणी, आणि त्यानंतरच वापर. क्वालिटी मॅनेजर ताईंनी बदलाचा फॉर्म हातात ठेवला. बदल काय, का, जोखीम काय, काम फसलं तर परत कसं फिरायचं, कुणाच्या सह्या. ‘यूडेव्ह नियम’ असं लिहिलं, तर ताई म्हणाल्या, “हे मला कळत नाही, म्हणजे ऑडिटरलाही कळणार नाही. कोणती वायर कोणत्या मशीनची हे कॉम्प्युटरला कसं कळेल, ते लिहा.” फॉर्म पुन्हा लिहिला, आणि खरं सांगायचं तर त्यानंतर मलाही काम नीट कळलं. तुमच्याकडे असा फॉर्म नसला तरी एका पानावर एवढं लिहून काढाच.

दुसरा कागद यंत्राच्या कंपनीच्या सर्व्हिस इंजिनिअरकडून हवा होता: कॉम्प्युटरच्या बाजूची केबल बदलल्याने देखभाल करारावर परिणाम होत नाही, असा मेल. फोनवर दोन मिनिटांत ‘हो हो’ झालं. मेल यायला प्रजासत्ताक दिन उलटून गेला. हा मेल पहिल्याच दिवशी मागून ठेवा, बाकीची कामं तोवर होतात.

त्या वाट पाहण्याच्या दिवसांत जुनी स्क्रिप्ट कागदावर छापली आणि पेन घेऊन बसलो. जेमतेम दोन पानांची होती. वरवर पाहता ती डेव्ह फोल्डरमध्ये, जिथे उपकरणांच्या फाइली असतात तिथे, एक लिंक (पोर्टचं दुसरं, ठरलेलं नाव) करत होती, बस. ओळीओळीने वाचल्यावर यादी वाढत गेली. लिंक केल्यावर ती पोर्टची परवानगी ६६६ करत होती, म्हणजे कुणीही वाचा, कुणीही लिहा. पोर्टचा वेग ९६०० ला लावत होती, आणि इलेक्ट्रोलाइट यंत्रासाठी वेगळा वेग. मग रीडर प्रोग्राम मागे सोडून देत होती. वायर काढली की रीडरला मारत होती. आणि सगळ्यात शेवटी एका लॉग फाइलमध्ये ओळ टाकत होती. ती ओळ कोण वाचतं? दोन दिवस पत्ता लागेना. शेवटी कळलं की रिसेप्शनच्या स्क्रीनवर कोपऱ्यात तीन ठिपके आहेत, हिरवे किंवा लाल, ते त्या लॉगवर जगतात. रिसेप्शनवरच्या ताई लाल ठिपका दिसला की आत हाक मारतात. ही गोष्ट कुठेही लिहिलेली नव्हती. नियम लिहून मोकळा झालो असतो तर ठिपके कायमचे हिरवे राहिले असते.

स्क्रिप्टमध्ये ठिकठिकाणी ‘तीन सेकंद थांब’ अशा ओळीही होत्या. हॉटप्लगची हाक येते तेव्हा टीटीवायची, म्हणजे सीरियल पोर्टची, फाइल तयार असेलच असं नाही, म्हणून ती कसरत. यूडेव्हमध्ये ही थांबाथांबी लागत नाही, कारण टीटीवायची घोषणा झाल्यावरच नियम लागतो. त्या ओळी खोडताना बरं वाटलं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला घरी चाचणी सुरू केली. लॅबचं यंत्र घरी आणता येत नाही, पण कन्व्हर्टरच्या नऊ पिनांपैकी दोन आणि तीन क्रमांकाच्या पिना तारेने जोडल्या की पाठवलेलं परत आपल्याकडेच येतं. एवढ्यावर बरंच काम भागतं.

उपकरणाची ओळख पाहायला यूडेव्हअ‍ॅडम इन्फो ही कमांड, तिला ‘सगळे पालक दाखव’ हा पर्याय देऊन. टीटीवायपासून वर चढत यूएसबी इंटरफेस, यूएसबी उपकरण, हब असा एकेक पालक आणि त्याचे गुणधर्म दिसतात. इथे पहिली मेख. ‘अ‍ॅट्र्स’ या अनेकवचनी अटी एका नियमात कितीही घाला, पण त्या सगळ्या एकाच पालकाला लागू पडायला हव्यात. अर्ध्या इंटरफेसच्या, अर्ध्या उपकरणाच्या अशी भेळ केली तर नियम लागतच नाही, आणि तक्रारही येत नाही.

दुसरी मेख शून्याची. जुन्या स्क्रिप्टमध्ये एफटीडीआयची ओळख ४०३/६००१ अशी होती, कारण कर्नल प्रॉडक्ट या चिठ्ठीत पुढचं शून्य गाळतं. सिसएफएसमध्ये (कर्नल उपकरणांचे गुणधर्म मांडतं त्या फोल्डरमध्ये) मात्र ती ०४०३ अशी असते आणि नियमात चारही अंक हवेत. स्क्रिप्टमधून आकडे उतरवून घेणाऱ्याने हे आधी तपासावं.

नियमाची रचना सोपी आहे. दोन बरोबरची चिन्हं (==) म्हणजे अट, एक (=) म्हणजे नेमणूक, अधिक-बरोबर (+=) म्हणजे आधीच्या यादीत भर. लिंकसाठी कायम भर घालावी, नाहीतर सिस्टिमने आधी केलेल्या लिंक पुसल्या जातात. आमचा सेल काउंटरचा नियम बोलून दाखवायचा तर असा: सबसिस्टिम टीटीवाय असेल, विक्रेता ०४०३ असेल, सीरियल नंबर अमुक असेल, तर ‘सेलकाउंटर’ नावाची लिंक कर, गट डायलआउट, परवानगी ६६० (म्हणजे फक्त मालक आणि त्या गटातले युजर वाचू-लिहू शकतात), आणि सिस्टिमडीला सांग की याची रीडर सर्व्हिस हवी आहे. टीटीवाययूएसबी० हे मूळ नाव बदलता येत नाही आणि बदलू नये. कर्नल त्याला काहीही म्हणो, आपण लिंकच्या नावाने हाक मारायची.

रीडर थेट नियमातून, रनच्या ओळीने, सुरू करायचा मोह होतो. घरी मुद्दाम तसं करून पाहिलं. प्रोग्राम सुरू होतो आणि थोड्या वेळात नाहीसा होतो. यूडेव्हचं मॅन पान (सोबत येणारं माहितीचं पान) हे स्पष्ट सांगतं: रन फक्त झटपट कामांसाठी; मागे सोडलेली प्रक्रियाही घटना संपली की मारली जाते. हॉटप्लगच्या काळात मागे सोडलेला प्रोग्राम जगायचा, म्हणून जुन्या स्क्रिप्ट सगळ्या त्याच वळणाच्या. स्थलांतरात बहुतेकांचं इथेच अडतं असं माझं मत आहे. उपाय म्हणजे रीडरची सिस्टिमडी सर्व्हिस करायची आणि ‘बाइंड्स-टू’ने तिला उपकरणाला बांधायचं. वायर निघाली की सर्व्हिस आपोआप थांबते. पोर्टचा वेग लावणं सर्व्हिसच्या सुरुवातीच्या पायरीत गेलं, ठिपक्यांची लॉगमधली ओळ सुरू झाल्यावरच्या आणि थांबल्यावरच्या पायरीत. जुन्या स्क्रिप्टमधला वायर काढल्यावरचा सगळा भाग गळून पडला. तसाही तो नियमात लिहिणं अवघड असतं, कारण काढल्याची घोषणा येते तेव्हा सिसएफएसमधले गुणधर्म गेलेले असतात.

इलेक्ट्रोलाइट यंत्राचा कन्व्हर्टर स्वस्तातला, सीएच३४० चिपचा, ओळख १ए८६:७५२३. त्याला सीरियल नंबरच नाही. अशा वेळी तो कोणत्या यूएसबी भोकात बसलाय यावरून ओळखावं लागतं. नियम चालतो, पण वायर शेजारच्या भोकात घातली की यंत्र अनोळखी. त्या पोर्टवर लाल स्टिकर लावला आणि मॅडमकडे आणखी एका एफटीडीआय कन्व्हर्टरची मागणी टाकली. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, एक नग साडेअकराशेला मिळाला. सीएच३४० वाला तेव्हा अडीचशेच्या आसपास होता. घेताना दुकानातच लॅपटॉपला लावून सीरियल नंबर दिसतो का आणि तो आपल्याकडच्या नंबरांपेक्षा वेगळा आहे का ते पाहा. दुकानदार वैतागला, पण पाहू दिलं. (उबुंटू २२.०४ वापरणाऱ्यांसाठी: तिथे ब्रेल डिस्प्लेसाठीचा बीआरएलटीटीवाय प्रोग्राम याच ओळखीच्या चिपवर हक्क सांगतो आणि पोर्ट गायब होतं. ब्रेल डिस्प्ले नसेल तर तो काढून टाका.)

चाचणीबद्दल आणखी चार गोष्टी, एका दमात. नियमांची फाइल इटीसी-यूडेव्हमधल्या रूल्स-डी फोल्डरमध्ये ठेवायची. शेवट ‘डॉट रूल्स’ असाच हवा, त्यामुळे नावाच्या शेवटी ‘जुनी’ असं काही जोडलेली प्रत वाचली जात नाही, पण ‘डॉट रूल्स’ने संपणारी प्रत मात्र वाचली जाते. यूडेव्हअ‍ॅडम टेस्ट ही कमांड कोणता नियम लागला ते दाखवते, पण रनमधलं काही चालवत नाही. ट्रिगर ही कमांड न सांगता ‘चेंज’ घटना पाठवते, म्हणून नियमात ‘अ‍ॅड’ची अट असेल तर काहीच घडत नाही आणि माणूस डोकं धरून बसतो, घटनेचं नाव स्पष्ट द्यावं, किंवा सरळ वायर काढून लावावी. नियमांचं व्याकरण तपासणारी व्हेरिफाय ही कमांड सिस्टिमडी २५४ पासून आहे, डेबियन १२ मध्ये २५२ आहे, त्यामुळे मला ती मिळाली नाही. मॉनिटर ही कमांड मात्र एका खिडकीत कायम उघडी ठेवली. कर्नलची घोषणा आणि यूडेव्हचं काम, दोन्ही डोळ्यांसमोर दिसतं.

फॉर्मवर शेवटची सही फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात झाली. मॅडमची अट एकच: “सकाळी सातपासून उपाशीपोटी शुगरवाले पेशंट बसलेले असतात. त्या वेळात कशालाही हात लावायचा नाही.” म्हणून रविवारी दुपारी, लॅब बंद झाल्यावर. क्वालिटीच्या ताईंनी कागदी फॉर्म छापून ठेवले होते: कॉम्प्युटर बंद पडला तर रिझल्ट हाताने लिहायचे आणि दुसऱ्याने तपासून सही करायची. जुनं मशीन काढलं, पण वायरी गुंडाळून टेबलाखालीच ठेवलं.

नवं मशीन हे रिफर्बिश्ड छोटं डबडं, साडेचौदा हजाराचं. एकेक वायर लावत गेलो. सेल काउंटर लागला, बायोकेमिस्ट्री लागली. इलेक्ट्रोलाइटचा ठिपका लालच. घरच्या चाचणीत याच मशीनवर भोकाचा क्रमांक टिपला होता, पण लॅबच्या टेबलावर वायर पोहोचेना म्हणून टेक्निशियन भाऊंनी ती पुढच्या भोकात घातली होती. स्टिकर मागच्या बाजूला, टेबल भिंतीला चिकटून. वायर मागे घेतली, ठिपका हिरवा झाला.

“हाव, आला. पण मंग आधी लाल कायले दाखवत होता?” भाऊंनी विचारलं. सांगितलं, याला नाव नाही, फक्त पत्ता आहे. त्यांना ते लगेच पटलं. नवा कन्व्हर्टर पिशवीतच होता, पण मंजूर फॉर्मवर जुनाच लिहिलेला असल्याने ताईंनी तो त्या दिवशी लावू दिला नाही. नियमानुसार बरोबरच होतं, थोडा राग आला तरी.

मग मेन स्विच. सगळं बंद करून पुन्हा चालू. वायरी उलट्या क्रमाने काढून लावणं. यंत्र आधी आणि कॉम्प्युटर नंतर, मग उलट. टीटीवाययूएसबीचे आकडे दर वेळी जागा बदलत होते, लिंक मात्र बरोबर यंत्राकडेच जात होत्या. मॅडम स्वतः खुर्ची ओढून बसल्या आणि कंट्रोल सॅम्पल (ज्याचा आकडा आधीच ठाऊक असतो ते) लावून यंत्राच्या पडद्यावरचा, कॉम्प्युटरमधला आणि छापील रिपोर्टातला आकडा शेजारी-शेजारी ताडून पाहिला. दशांश चिन्ह, एकक, पेशंटचा क्रमांक, सगळं. ही पडताळणी पुढचे दोन आठवडे रोज काही सॅम्पलवर चालली आणि प्रत्येक पानावर दोन सह्या झाल्या. कंटाळवाणं काम होतं. पण त्यातच एक जुनी गोष्ट सापडली: परवानगी ६६६ वरून ६६० केल्यावर महिन्यातून एकदा चालणारा एक बॅकअप प्रोग्राम अडला, कारण तो वेगळ्या युजरच्या नावाने पोर्ट उघडून पाहत होता. त्या युजरला डायलआउट गटात घातलं. मोकळ्या परवानग्या बंद करणार असाल तर एक महिनाअखेर मध्ये जाऊ द्या.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात इलेक्ट्रोलाइटसाठी दुसरा फॉर्म भरला, या वेळी दोनच दिवसांत सह्या झाल्या. नवा कन्व्हर्टर लागला, भोकावर अवलंबून असलेला नियम काढला, लाल स्टिकर खरवडला. तिन्ही नियमांची फाइल छापून, प्रत्येक ओळीखाली मराठीत एक वाक्य लिहून, ताईंच्या क्वालिटी फाइलमध्ये लावली आहे. कोणत्या यंत्राच्या कन्व्हर्टरचा सीरियल नंबर काय, हेही त्याच पानावर आहे आणि कन्व्हर्टरवर चिकटवलेलंही आहे. उद्या एखादा कन्व्हर्टर जळाला तर नवा लावून एकच नंबर बदलायचा, नियम पुन्हा वाचायला सांगायचे. ते कसं करायचं हे टेक्निशियन भाऊंकडून माझ्यासमोर एकदा करवून घेतलं. जुनं मशीन एप्रिलपर्यंत टेबलाखाली राहणार होतं, फॉर्मवर तसं लिहिलं होतं. डिस्कमधला पेशंटचा डेटा पुसल्याचा वेगळा फॉर्म भरल्यावरच ते भंगारात गेलं.